व्हर्च्युअल मशीनला सॉकेट, कोअर आणि मेमरी नोड कसे दाखवावेत

प्रश्न असा आहे. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दोन सॉकेटचा एक सर्व्हर आहे. प्रत्येक सॉकेटमध्ये १६ कोअर, हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन थ्रेड) चालू, म्हणजे होस्टच्या लिनक्सला एकूण ६४ लॉजिकल सीपीयू दिसतात. मेमरी २५६ जीबी, प्रत्येक सॉकेटच्या वाट्याला १२८. सॉकेट आणि त्याची मेमरी मिळून एक नोड. वर केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) आणि लिबव्हर्ट (ती मशीन सांभाळणारं साधन). व्हर्च्युअल मशीन म्हणजे गेस्ट, तिला चालवणारा खरा सर्व्हर म्हणजे होस्ट. एका विंडोज सर्व्हर गेस्टमध्ये ईआरपीचा डेटाबेस चालतो, एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्डवर. त्याला १६ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आणि ६४ जीबी दिले आहेत. दुसरा मोठा गेस्ट लिनक्सचा, सुट्या भागांच्या ताण-विश्लेषणासाठी. त्याला ३२ व्हीसीपीयू आणि १२८ जीबी हवे आहेत. बाकी पाच-सहा किरकोळ गेस्ट. तक्रारी दोन: डेटाबेस १६ पैकी ४ च प्रोसेसर वापरतो, आणि विश्लेषणाचं तेच काम कधी वेळेत संपतं तर कधी, गेस्ट बंद करून पुन्हा चालू केल्यावर, बरंच लांबतं. अशा गेस्टना प्रोसेसरची रचना आणि मेमरी नोड नेमके कसे दाखवायचे?

दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे. गेस्टला दिलेली माहिती आणि होस्टवरची वस्तुस्थिती यांचा मेळ बसलेला नाही.

गेस्टच्या कर्नलला खरा सर्व्हर कधीच दिसत नाही. त्याला दिसतात ती कोष्टकं. कुठले व्हीसीपीयू एकाच कोअरचे थ्रेड आहेत, कुठले एकच कॅशे वाटून घेतात, हे त्याला सीपीयूआयडी या प्रोसेसरच्या आज्ञेच्या उत्तरांतून कळतं (इंटेलवर मुख्यतः लीफ ४ आणि लीफ ११). कुठला प्रोसेसर आणि मेमरीचा कुठला पट्टा कुठल्या नोडचा, हे एसीपीआयच्या (फर्मवेअरने ऑपरेटिंग सिस्टिमला हार्डवेअरची माहिती देण्याच्या पद्धतीच्या) एसआरएटी कोष्टकातून, आणि नोडांमधली अंतरं एसएलआयटीमधून. ही कोष्टकं क्यूएमू (केव्हीएमवर गेस्ट प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम) बनवतं, आणि तुम्ही जे लिहाल ते निमूटपणे छापतं. खरं-खोटं ते तपासत नाही. गेस्टचं कर्नल मात्र बूट होताना एकदाच हे वाचतं आणि पुढे बंद होईपर्यंत त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतं. म्हणून नियम एकच: होस्टवर पिन करून (म्हणजे व्हीसीपीयू ठरावीक खऱ्या सीपीयूला बांधून) जेवढं खरं ठेवता येईल तेवढंच गेस्टला सांगायचं, आणि जे सांगितलं ते पिन करायचंच. अर्धवट काम सर्वांत महाग पडतं. खोट्या रचनेपेक्षा साधी, सपाट रचना कधीही बरी.

आधी डेटाबेस, कारण तो दहा मिनिटांत सुटतो. लिबव्हर्टच्या एक्सएमएलमध्ये नुसती व्हीसीपीयूची संख्या लिहिली आणि टोपॉलॉजीचा (सॉकेट, कोअर, थ्रेड यांच्या रचनेचा) घटक दिला नाही, तर प्रत्येक व्हीसीपीयू हा एक स्वतंत्र सॉकेट म्हणून मांडला जातो. तुमच्या विंडोजला १६ सॉकेट आणि प्रत्येकात एक कोअर असं दिसतंय. एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्डची मर्यादा (२०१६ ते २०२२ या आवृत्त्यांत) ४ सॉकेट किंवा २४ कोअर, यांपैकी जे कमी असेल ते. १६ सॉकेटपैकी ४ घेतले, प्रत्येकात एक कोअर, म्हणून ४. एररलॉगच्या सुरुवातीलाच किती सॉकेट सापडले, सॉकेटमागे किती कोअर आणि लायसन्सनुसार किती लॉजिकल प्रोसेसर वापरतोय, अशी एक ओळ असते. ती उघडून बघा, दुसरा पुरावा लागणार नाही. डेस्कटॉप विंडोजचंही असंच आहे: १० आणि ११ च्या प्रो आवृत्तीला २ सॉकेट चालतात, होमला १. आठ व्हीसीपीयू देऊन दोनच दिसतात अशी तक्रार आली की आधी सॉकेट मोजावेत.

उपाय: टोपॉलॉजीमध्ये सॉकेट १, कोअर ८, थ्रेड २. गुणाकार व्हीसीपीयूच्या कमाल संख्येइतकाच यायला हवा, नाहीतर गेस्ट सुरूच होणार नाही. विंडोजच्या आतून रीस्टार्ट करून हा बदल लागू होत नाही, कारण त्याने होस्टवरची क्यूएमूची प्रोसेस तीच राहते. गेस्ट पूर्ण बंद करून व्हर्शने (लिबव्हर्टच्या आज्ञा देण्याच्या साधनाने) पुन्हा सुरू करावा लागतो. पुण्यात गुरुवारी महावितरणच्या देखभालीसाठी वीज बंद असते, तेव्हा कारखाना नाहीतरी थांबलेलाच असतो. जनरेटरवर सर्व्हर ठेवून हे बदल त्या वेळात उरकता येतात.

मग कोअर १६ आणि थ्रेड १ का नाही? तेही चाललं असतं, पण इथे आपण ८ खरे कोअर आणि त्यांचे १६ थ्रेड देणार आहोत, मग तसंच सांगायला हवं. याचं कारण शेड्युलरमध्ये आहे. दोन थ्रेड एकाच कोअरचे आहेत हे गेस्टला माहीत असेल तर तो आधी रिकामा कोअर शोधतो आणि नाइलाज झाला तरच एका कोअरवर दोन कामं टाकतो. माहीत नसेल तर सगळे सारखेच समजून तो दोन जड कामं एकाच खऱ्या कोअरवर टाकेल आणि शेजारचा कोअर रिकामा बसेल. उलट बाजूची चूकही तितकीच वाईट: व्हीसीपीयू मोकळे फिरत असताना थ्रेड २ लिहिलं, तर गेस्ट नसलेल्या जोड्या सांभाळत बसतो. थ्रेड २ लिहायचं ते फक्त प्रत्येक जोडी खऱ्या जोडीवर बांधली असेल तेव्हाच. एएमडीवर आणखी एक अट आहे. गेस्टच्या सीपीयूमध्ये टोपोएक्स्ट हे वैशिष्ट्य चालू नसेल तर क्यूएमू हायपरथ्रेडिंगबद्दल इशारा देतं आणि गेस्टला थ्रेड नीट दिसत नाहीत.

आता जोड्यांचा क्रमांक. सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात, त्यामुळे जरा सावकाश. होस्टवर एलएससीपीयू चालवा, ई पर्यायासह, म्हणजे प्रत्येक सीपीयूपुढे नोड, सॉकेट आणि कोअर येतात. दोन सॉकेटच्या बहुतेक इंटेल सर्व्हरवर लिनक्स आधी सगळ्या कोअरचा पहिला थ्रेड मोजतो आणि मग सगळ्यांचा दुसरा. तुमच्याकडे नोड ० म्हणजे ०–१५ आणि ३२–४७. नोड १ म्हणजे १६–३१ आणि ४८–६३. सीपीयू १६ ची जोडी ४८, १७ ची ४९. काही सर्व्हरवर सम क्रमांक एका नोडवर आणि विषम दुसऱ्यावर असतात, म्हणून पाठांतरावर जाऊ नका. सिसएफएसमधली (लिनक्स हार्डवेअरची माहिती दाखवतो त्या फाइलींमधली) थ्रेड सिब्लिंग्जची, म्हणजे जोडीदार थ्रेडची, यादी प्रत्येक सीपीयूसाठी वाचा. गेस्टमध्ये मात्र क्यूएमू जोड्या लागून मांडतं: व्हीसीपीयू ० आणि १ पहिल्या कोअरचे, २ आणि ३ दुसऱ्याचे.

या दोन मोजण्या वेगळ्या असल्यामुळे सरळ क्रमाने पिन केलं की घोळ होतो. समजा, व्हीसीपीयू ०–७ तुम्ही १६–२३ वर बांधले आणि ८–१५ हे ४८–५५ वर. कागदावर सुबक दिसतं. आता गेस्टमध्ये आठ जड कामं आली. गेस्ट प्रत्येक ‘कोअर’वर एक टाकतो: व्हीसीपीयू ०, २, ४, ६, ८, १०, १२, १४. होस्टवर ते कुठे गेले? १६, १८, २०, २२, ४८, ५०, ५२, ५४. म्हणजे १६ आणि ४८ एकाच कोअरवर, १८ आणि ५० एकाच कोअरवर, पुढेही तसंच. आठ कामं चार खऱ्या कोअरवर कोंबली गेली आणि चार कोअर हवा खात बसले. गेस्टमध्ये बघाल तर आठही व्हीसीपीयू शंभर टक्के. बाहेरून काही बिघडलंय असं वाटतच नाही. बरोबर क्रम असा: व्हीसीपीयू ० → १६, १ → ४८, २ → १७, ३ → ४९, असं करत १४ → २३, १५ → ५५. लिबव्हर्टमध्ये सीपीयूट्यूनच्या घटकात प्रत्येकाची व्हीसीपीयूपिनची एकेक ओळ येते. कंटाळवाणं आहे, पण एकदाच लिहायचंय.

पिन करणं म्हणजे तो कोअर राखून ठेवणं नव्हे, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. व्हीसीपीयू ० ला १६ वर बांधलं तरी दुसऱ्या गेस्टचा मोकळा व्हीसीपीयू १६ वर येऊ शकतोच. म्हणून किरकोळ गेस्टनाही कुंपण घालावं लागतं: त्यांच्या व्हीसीपीयू घटकातल्या सीपीयूसेटमध्ये उरलेले क्रमांकच द्यायचे. प्रत्येक व्हीसीपीयू वेगळा बांधायची गरज नाही. त्यांची टोपॉलॉजीही सपाटच ठेवा, एक सॉकेट, थ्रेड १.

आता विश्लेषणाचा गेस्ट. प्रत्येक सॉकेटला स्वतःचा मेमरी कंट्रोलर असतो. दोन सॉकेटच्या झिऑन सर्व्हरवर आपल्या नोडमधली मेमरी साधारण ८०–१०० नॅनोसेकंदांत मिळते, पलीकडची १३०–१५० मध्ये, आणि शिवाय सॉकेटमधल्या दुव्याची रुंदी सगळ्यांनी वाटून घ्यायची. सी-डॅकने १९९१ मध्ये पुण्यात परम ८००० उभा केला तेव्हा प्रत्येक प्रोसेसरची मेमरी वेगळी होती आणि शेजाऱ्याकडचा डेटा हवा तर प्रोग्रॅमला निरोप पाठवून मागावा लागे. त्यामुळे अंतर विसरणं शक्यच नव्हतं. न्यूमामध्ये (म्हणजे मेमरी अशी नोडांत वाटलेल्या रचनेत) पत्ते सलग, सगळी मेमरी एकच वाटते, आणि अंतराचा पत्ता लागतो तो थेट वेळ मोजल्यावर.

तुमच्या गेस्टला एकही न्यूमा सेल (गेस्टला दाखवायचा आभासी नोड) दिलेला नाही. त्यामुळे तो समजतो की आपण एका नोडच्या यंत्रावर आहोत. होस्ट मात्र ज्या क्षणी ज्या नोडवर जागा मोकळी असेल तिथून मेमरीची पानं देतो, आणि व्हीसीपीयूचे थ्रेड दोन्ही सॉकेटवर फिरतात. गेस्ट प्रत्येक वेळी नव्याने सुरू केला की मेमरीची वाटणी वेगळी. एखाद्या दिवशी काम लवकर होतं आणि एखाद्या दिवशी नाही, त्याचं एवढंच गुपित आहे.

३२ व्हीसीपीयू आणि १२८ जीबी ही मागणी मात्र जशीच्या तशी बसणार नाही. डेटाबेस नोड १ वर ठेवला की तिथले ६४ जीबी गेले. विश्लेषणाचे निम्मे, म्हणजे आणखी ६४, त्याच नोडवर टाकले तर १२८ पैकी १२८ संपतात; आणि कर्नल नुसत्या पानांच्या नोंदींसाठी दर ४ केबीमागे ६४ बाइट घेतं, म्हणजे एका नोडमागे २ जीबी तिथेच जातात. प्रोसेसरचंही तेच. डेटाबेसला ८ कोअर आणि विश्लेषणाला ८ दिले तर नोड १ वर एकही कोअर उरत नाही, मग क्यूएमूचे स्वतःच्या कामाचे इम्युलेटर थ्रेड आणि डिस्कचं काम करणारे आयओथ्रेड एकतर व्हीसीपीयूंच्या मानगुटीवर बसणार किंवा पलीकडच्या नोडवर जाणार. व्हीसीपीयू पळतोय पण डिस्कचं उत्तर द्यायला कोणी मोकळं नाही, अशी स्थिती डेटाबेसला फार जाचक होते.

माझा सल्ला: विश्लेषणाच्या गेस्टला २८ व्हीसीपीयू आणि ९६ जीबी द्या. मांडणी अशी:

नोड ० वर कोअर ० आणि १ (जोडीला ३२, ३३) होस्टसाठी. कोअर २–८ (३४–४०) विश्लेषणाच्या पहिल्या सेलसाठी. कोअर ९–१५ (४१–४७) किरकोळ गेस्टसाठी.

नोड १ वर कोअर १६–२३ (४८–५५) डेटाबेससाठी. कोअर २४ (५६) दोन्ही मोठ्या गेस्टच्या इम्युलेटर आणि आयओथ्रेडसाठी. कोअर २५–३१ (५७–६३) विश्लेषणाच्या दुसऱ्या सेलसाठी.

विश्लेषणाची टोपॉलॉजी: सॉकेट २, कोअर ७, थ्रेड २. सेल ० मध्ये व्हीसीपीयू ०–१३ आणि ४८ जीबी, सेल १ मध्ये १४–२७ आणि ४८ जीबी. पिनिंग ० → २, १ → ३४, २ → ३, ३ → ३५, असं १२ → ८, १३ → ४० पर्यंत. मग १४ → २५, १५ → ५७, शेवटी २६ → ३१, २७ → ६३. सेलची सीमा आणि सॉकेटची सीमा एकच ठेवा. एकाच सॉकेटचे व्हीसीपीयू दोन सेलमध्ये चिरले, तर ते वाटून घेत असलेला कॅशे दोन नोडांवर पसरलेला आहे असं गेस्टला दिसतं. लिनक्स कर्नल त्यावर बूट होतानाच इशारा देऊन शेड्युलिंगची रचना स्वतःच्या मर्जीने कापतं.

सात कोअर बघून दचकू नका. एपिक आयडीमध्ये (प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा हार्डवेअर क्रमांक, APIC) कोअरसाठी पूर्ण बिट राखले जातात: सात कोअरना तीन बिट, थ्रेडला एक, म्हणजे दुसऱ्या सॉकेटचा पहिला एपिक आयडी १६ येतो, जरी तो व्हीसीपीयू क्रमांक १४ असला तरी. १४ आणि १५ हे आयडी रिकामे राहतात. गेस्टच्या डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) एसआरएटीच्या ओळी वाचताना ही उडी दिसेल. ती चूक नाही.

१२८ जीबी खरोखरच लागणार असतील तर दोन वाटा आहेत. सेल असमान ठेवता येतात, उदाहरणार्थ ८० आणि ४८. पण विश्लेषणाच्या प्रोसेस दोन्ही नोडांवर सारख्या वाटल्या जात असतील तर ४८ वाली बाजू आधी भरेल आणि पानं पलीकडे सांडतील, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यापेक्षा मेमरी वाढवा, आणि वाढवताना दोन्ही सॉकेटवर, सगळ्या चॅनेलवर सारखी. एकाच बाजूला स्वस्तातले चार डिम (मेमरीच्या पट्ट्या) ठोकले की नोड लंगडा होतो.

गेस्टला सेल दाखवणं हा अर्धाच भाग. ते सेल होस्टच्या नोडांना बांधणं हा उरलेला अर्धा, आणि तो न्यूमाट्यूनमध्ये लिहायचा: सेल ० साठी मेमनोडचा नोडसेट ०, सेल १ साठी नोडसेट १, मोड स्ट्रिक्ट. डेटाबेसला एकच नोड असल्याने सेल लिहायची गरज नाही. संपूर्ण मेमरीसाठी स्ट्रिक्ट आणि नोडसेट १ पुरे. प्रिफर्ड हा मोड मवाळ आहे: जागा नसली की मुकाट्याने दुसऱ्या नोडवरून घेतो. मोठ्या गेस्टसाठी तो मी सुचवणार नाही. गेस्ट सुरू न होता स्पष्ट एरर देऊन थांबणं हे महिनाभर कुणाला न कळता संथ चालण्यापेक्षा स्वस्त असतं. पण स्ट्रिक्टला एक धार आहे: साध्या पानांवर तो चालवला आणि गेस्ट चालू असताना नोड भरला, तर कर्नलचा ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा भाग) त्या गेस्टलाच उचलू शकतो. म्हणून स्ट्रिक्टबरोबर ह्यूजपेज (मेमरीची मोठी पानं) वापरा. मेमरी आधीच बाजूला काढलेली असते. जागा आहे की नाही याचा निकाल सुरुवातीलाच लागतो.

ह्यूजपेजचा हिशेब नोडनिहाय करा. नोड ० ला ४८ जीबी, नोड १ ला ६४ आणि ४८ मिळून ११२. एक जीबीची पानं घेतलीत तर ४८ आणि ११२. दोन एमबीची घेतलीत तर २४,५७६ आणि ५७,३४४. कर्नलच्या बूट ओळीत नुसती एकूण १६० लिहिलीत तर ती दोन्ही नोडांवर सारखी वाटली जातात, ८० आणि ८०. नोड १ वर ३२ कमी पडतात, आणि जो गेस्ट नंतर सुरू होईल तो मेमरी मिळत नाही म्हणून रडतो. एकूण बघितलं तर सगळं जमतंय, त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत राहतो. नव्या कर्नलमध्ये बूट ओळीतच नोडनिहाय संख्या देता येते. नाहीतर सिसएफएसमधल्या त्या त्या नोडच्या फाइलमध्ये, बूट झाल्या झाल्या, लिबव्हर्ट सुरू होण्याआधी लिहा. एक जीबीचे सलग तुकडे नंतर मिळत नाहीत.

सेवांच्या क्रमाचाही विचार करा. वीज जाऊन आली की ऑटोस्टार्टवाले सगळे गेस्ट एकदम उठतात. किरकोळ गेस्टना मेमरीची सीमा नसेल तर ते नोड १ वरची उरलेली जागा खातात. त्यांनाही न्यूमाट्यूनमध्ये नोडसेट ० देऊन टाका. तिथे ४८ जीबी वजा जाता ८० उरतात, होस्टसकट भागतं.

नोडांमधली अंतरं लिहायची का? दोनच नोड असतील तर नाही लिहिली तरी चालतं. लिनक्स गेस्ट स्वतःसाठी १० आणि दुसऱ्यासाठी २० धरतो. लिहायचीच असतील तर होस्टवरच्या न्यूमासीटीएलने दाखवलेले आकडे जसेच्या तसे उतरवा, इंटेलवर बहुतेकदा १० आणि २१. गेस्ट दूरच्या नोडला हात लावू नये म्हणून कुणी ४० वगैरे लिहितं. तसं करू नका. लिनक्समध्ये ३० च्या पुढे नोड ‘फार दूर’ गणला जातो आणि शेड्युलर नवी कामं सुरू करताना त्या पातळीवर समतोल साधणं सोडतो. परिणामी एक नोड घामाघूम आणि दुसरा मोकळा.

होस्टवरचं ऑटोमॅटिक न्यूमा बॅलन्सिंग या मांडणीत बंद करा (सिसकंट्रोलमध्ये कर्नल डॉट न्यूमा बॅलन्सिंग शून्य). सगळं बांधलेलं असताना त्याला हलवायला काही उरत नाही आणि ह्यूजपेजच्या भागाला ते हात लावतही नाही. विश्लेषणाच्या गेस्टच्या आत मात्र ते चालू राहू द्या. त्याला आता खरे नोड दिसतात, त्यामुळे आतली पानं योग्य सेलमध्ये आणण्याचं काम ते प्रामाणिकपणे करतं. केएसएम (सारखा मजकूर असलेली पानं एकत्र करणारी सोय) वापरत असाल तर नोड ओलांडून पानं एकत्र करण्याची मुभा काढून घ्या.

एएमडीच्या एपिक (EPYC) प्रोसेसरवर हेच करायचं झालं तर सॉकेटच्या आतही एक पातळी आहे. झेन २ पर्यंत चार-चार कोअरचे गट एल३ कॅशे वाटून घेतात, झेन ३ मध्ये आठ-आठचे. एका नोडमध्ये १६ कोअर असले तरी ते एकाच एल३ खाली नसतात. क्यूएमूमध्ये आभासी एल३ हा डायच्या पातळीवर वाटला जातो, म्हणून झेन ३ वरच्या १६ कोअरच्या गेस्टला सॉकेट १, डाय २, कोअर ८, थ्रेड २ असं लिहिलं आणि त्याच गटांवर पिन केलं की चित्र जुळतं. एल३ इतका महत्त्वाचा का? लिनक्समध्ये एका सीपीयूने दुसऱ्यावरचं काम जागं करताना दोघं एकच शेवटचा कॅशे वाटत नसतील, तर सहसा आयपीआय (एका प्रोसेसरने दुसऱ्याला दिलेला इंटरप्ट) पाठवला जातो, आणि गेस्टमध्ये प्रत्येक आयपीआय म्हणजे व्हीएम एक्झिटची (गेस्ट थांबून ताबा हायपरव्हायजरकडे जाण्याची) शक्यता. सोळा सॉकेटवाली रचना लायसन्सच्या मर्यादेपलीकडेही का नुकसान करते, ते यात आलं. कॅशेचा मोड पासथ्रू ठेवलात तर किती थ्रेड तो वाटून घेतात हा आकडा होस्टचा जातो आणि गेस्टच्या लहान रचनेशी विसंगत ठरू शकतो. पिनिंग करून स्वतः मांडणी लिहिली असेल तर इम्युलेट, पातळी ३, हे अधिक बिनधोक. बायोसमध्ये एनपीएस (एएमडीवर सॉकेटमागे किती नोड) किंवा इंटेलचं सब-न्यूमा क्लस्टरिंग बदललं की होस्टचे नोडच बदलतात आणि वरचं सगळं गणित नव्याने करावं लागतं, हेही ध्यानात असू द्या.

दुसरे हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी सॉफ्टवेअर) असतील तर थोडक्यात. व्हीएमवेअर ८ पेक्षा जास्त व्हीसीपीयू असलेल्या मशीनला आपणहून न्यूमा दाखवतं, पण सीपीयू हॉट-ॲड (चालू मशीनला सीपीयू जोडण्याची सोय) चालू केलं की जुन्या आवृत्त्यांत ते गुपचूप बंद होतं. हायपर-व्हीमध्ये डायनॅमिक मेमरी चालू असेल तर आभासी न्यूमा मिळत नाही. प्रॉक्समॉक्समध्ये न्यूमाची खूण केल्यावर नोड सॉकेटच्या संख्येनुसार पडतात; त्यातली अफिनिटी संपूर्ण मशीनला एकच संच लावते, एकेक व्हीसीपीयू बांधत नाही, म्हणून तिथे थ्रेडच्या जोड्या दाखवायच्या भानगडीत पडू नये.

झाल्यावर तपासणी दोन्ही बाजूंनी. गेस्टमध्ये एलएससीपीयूने सॉकेट, कोअर, थ्रेड. न्यूमासीटीएलने दोन नोड आणि प्रत्येकी साधारण ४८ जीबी. एलएसटोपोने कॅशेची वाटणी. होस्टवर व्हर्शचं व्हीसीपीयूपिन आणि इम्युलेटरपिन, आणि सर्वांत महत्त्वाचं, क्यूएमूच्या प्रोसेस क्रमांकासह न्यूमास्टॅट. डेटाबेसच्या प्रोसेसची मेमरी नोड १ च्या स्तंभात असायला हवी; नोड ० खाली काही एमबी दिसले तर ते लायब्ररी आणि क्यूएमूचा स्वतःचा पसारा, त्याने बिघडत नाही. जीबीत आकडा दिसला तर न्यूमाट्यून लागूच झालेलं नाही. मग विश्लेषणाच्या गेस्टमध्ये एखादी मेमरीची चाचणी न्यूमासीटीएलने आधी सेल ० चे प्रोसेसर, सेल ० ची मेमरी अशी, आणि मग सेल ० चे प्रोसेसर, सेल १ ची मेमरी अशी चालवा. दोन्ही वेळा सारखाच आकडा आला तर आतलं चित्र आणि बाहेरचं वास्तव जुळलेलं नाही; कोष्टकं कितीही सुंदर दिसोत.

गेस्टच्या आतलं सॉफ्टवेअरही हे बघतं. एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून एका नोडमध्ये ८ पेक्षा जास्त खरे कोअर दिसले की स्वतःच सॉफ्ट-न्यूमाचे गट पाडतो. आपल्या मांडणीत बरोबर ८ असल्याने तो गप्प राहील. जावाचं काही चालवत असाल तर यूजन्यूमा हा पर्याय जी१ कलेक्टरसह जेडीके १४ पासून उपयोगी आहे, पण फक्त त्या गेस्टमध्ये जिथे खरे नोड दाखवलेत.

उपकरणांचं एक राहिलं. नेटवर्क कार्ड किंवा एनव्हीएमई थेट गेस्टला दिलं असेल तर ते होस्टवर कुठल्या नोडला जोडलंय ते सिसएफएसमध्ये त्या उपकरणाच्या न्यूमा नोडच्या फाइलीत वाचा. दोन सेलच्या गेस्टमध्ये तीच फाइल उणे एक दाखवत असेल तर गेस्टला उपकरण कुठे आहे ते माहीत नाही. पीसीआयई एक्सपांडर बस जोडून तिला सेलचा क्रमांक द्यायचा आणि उपकरण त्याखाली लावायचं. डेटाबेसची एनव्हीएमई नोड ० च्या स्लॉटमध्ये असेल तर डेटाबेस नोड ० वर हलवण्यापेक्षा कार्डाचा स्लॉट बदलणं सोपं.

चालू गेस्टचं दुसऱ्या सर्व्हरवर स्थलांतर करणार असाल तर सॉकेट, कोअर आणि सेल हे गेस्टला दिसणारं असल्याने वाटेत बदलता येत नाहीत. व्हीसीपीयूपिन आणि नोडसेट मात्र दुसऱ्या सर्व्हरच्या मोजणीनुसार बदललेलं एक्सएमएल व्हर्शच्या मायग्रेट आज्ञेला देता येतं. तिथला सर्व्हर सम-विषम मोजणीचा निघाला आणि हे केलं नाही, तर विश्लेषणाचा सेल ० दोन्ही सॉकेटवर विखुरला जाईल आणि गेस्टला त्याची गंधवार्ताही नसेल.